झाडाच्या वतीने

फुसाची सवत मेलेली होती, हीच मोठी पंचाईत. जिवंत असती तर फुसाने तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, निदान तोंडावर चार शब्द सुनावले असते. मेलेल्या बाईचं काय करणार? त्यातून ही बया जाताना मागे झाड ठेवून गेलेली.

झाड नासपतीचं. किनु लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून रोप घेऊन आली होती. तिच्या हातून ते असं वाढलं, की शरदात फांद्यांना टेकू द्यावे लागत. पाच वर्षांमागे किनु खोकून खोकून गेली आणि त्या सालापासून झाडाला एक फळ नाही. फुलायचं भरपूर, आणि सगळी फुलं गाळून मोकळं व्हायचं. गाव म्हणे, झाडाला कळतं, झाड दुखावलंय. शेजारची तोरा आजी तर फुसाला गाठून सांगायची, "तुझी पावलं त्याच्या ओळखीची नाहीत ना, सूनबाई. वेळ लागायचाच." बोलणं सगळं साखरेत घोळलेलं, पण टोचायचं तिथे बरोबर टोचायचं.

फुसाला या घरात येऊन हा तिसरा हिवाळा. नवरा सेनजिरो कोळशाच्या भट्टीवरून परतला की आधी झाडापाशी जायचा. बुंध्यावर हात ठेवून पाव तास, अर्धा तास हळू आवाजात बोलत राहायचा. मग घरात येऊन जेवायचा, "लोणचं खारट झालंय" किंवा "उद्या बर्फ पडेल" एवढं म्हणायचा आणि आडवा व्हायचा. तीन वर्षांत फुसाच्या वाट्याला आलेली वाक्यं बोटांवर मोजता आली असती.

एकदा तिने विचारलंच. "काय बोलता हो त्याच्याशी एवढं?"

"काही नाही. असंच."

"आणि त्याला ऐकू येतं?"

"येतं की. माणसापेक्षा बरं ऐकतं."

फुसाच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस म्हणजे कोण, हे काय तिला कळत नव्हतं? त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच घेतलं. हे झाड तरी राहील, नाहीतर मी तरी.

आणि ते जमवायला वर्षातला एक दिवस होता. नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी त्यांच्याकडे फळझाडांना दम भरतात. घरधनी कुऱ्हाड घेऊन समोर उभा राहतो आणि विचारतो, "फळणार की नाही? नाही म्हणालंस तर तोडतो." घरातलं दुसरं कोणी झाडामागे उभं राहून झाडाच्या वतीने सांगतं, "फळेन, फळेन." मग सालीवर हलकीशी खाच पाडायची, तिच्यावर लाल चवळीची गरम पेज चोपडायची, की झालं. गेल्या दोन्ही वर्षी फुसा मुकाट "फळेन" म्हणाली होती. झाडाने शब्द मोडला आणि बोल मात्र तिला लागला. "किनुचा आवाजच निराळा होता," इति तोरा आजी.

यंदा फुसा झाडामागे गुडघाभर बर्फात उभी राहिली ती ओठ घट्ट मिटून. तोरा आजी कुंपणाशी होतीच. सेनजिरोने कुऱ्हाड उगारली.

"फळणार की नाही?"

"नाही," फुसा म्हणाली. "फळणार नाही."

तोरा आजीने आ वासला. सेनजिरोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"फुसा, आज चेष्टा नको."

"फुसा कुठे बोलतेय? झाड बोलतंय."

सेनजिरो रितीला धरून चालणारा माणूस. झाडाने तोंडाने नाही म्हटलं, आता सुटका नव्हती. त्याने पेजेचं भांडं बर्फात ठेवलं, बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "थोडंच दुखेल हं. मी आहे ना इथे." गेल्या वर्षी उकळत्या पाण्याने फुसाचा हात मनगटापर्यंत भाजला होता, तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "बर्फ लाव."

पहिला घाव बसला. दुसऱ्या घावाला त्याचे खांदे हलायला लागले. रडत होता मेला. फुसाला वाटलं होतं, आता आपल्याला गार वाटेल. कसलं गार? झाड पडलं तरी खुंट उरणार, हा खुंटापाशी जाऊन बसणार. किनु निदान आजाराने गेली, झाड मात्र फुसाने मारलं, हे तो मरेपर्यंत विसरणार नाही. एका सवतीच्या दोन होणार.

"थांब," ती झाडामागून म्हणाली. "फळेन. पण माझी एक अट आहे."

कुऱ्हाड थांबली. "बोल."

"माझ्याशी बोलणं बंद कर. पाच वर्षं ऐकतंय मी, आता थकलंय. जे काय बोलायचं ते घरात जाऊन बायकोशी बोल." नवऱ्याला अरेतुरे ती जन्मात पहिल्यांदा करत होती, आणि तिला ते फार आवडलं.

सेनजिरोने कपाळ बुंध्याला टेकवलं. मग "बरं," म्हणाला आणि सगळी पेज त्या दोन जखमांवर ओतली.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवरून आला तो झाडाकडे न बघता थेट घरात. फुसाने केस विंचरले होते, मासळी घालून मुळ्याचं कालवण केलं होतं. तो चुलीपाशी बसला, घसा खाकरला, आणि फुसा हातातलं टाकून त्याच्यासमोर येऊन बसली.

"किनुलाही ना," तो म्हणाला, "मुळा असाच जाड चिरलेला आवडायचा."

आणि मग त्याच्या तोंडाचं झाकणच उडालं. किनुचं हसणं, किनुचा खोकला, किनुने बर्फात हरवलेली चप्पल. त्या संध्याकाळी किनु, दुसऱ्या संध्याकाळी किनु, तिसऱ्या संध्याकाळीही किनुच.

"माझं काही सांगायचात का हो त्याला?" तिने मध्येच विचारलं.

सेनजिरोने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा. तू आलीस त्या दिवशी. म्हटलं, घरात कोणीतरी लागतं, राग मानू नकोस." आणि लगेच, "तर मी काय सांगत होतो?"

फुसा आतून धडधडून जळत होती. पण जळता जळता तिला त्या झाडाचीच कीव आली. पाच वर्षं रोज हे ऐकायचं आणि वर फळंही धरायची? तिच्याच्याने तीन दिवस निघाले नव्हते.

ती उठली आणि अंगणाकडचं दार सरकवून घट्ट लावून घेतलं.

"त्याला ऐकू जाईल," ती म्हणाली. "फळायचा शब्द दिलाय बिचाऱ्याने."

सेनजिरोला ते पटलं. तो तिच्या अगदी जवळ सरकला, कधी नव्हे तो तिचा हात हातात घेतला, आवाज खाली आणला आणि किनुचं पुढचं सांगायला लागला.