सावली इथेच पडली

मुंबईहून भिवंडीत विज्ञानाची गाडी आली, पण पहिल्या दिवशी तिच्यात एकही पुरुष चढेना. आणीबाणी नुकतीच उठलेली. सरकारी गाडी, दारात पांढरा डगला, वर "या, मोफत आहे" असा पुकारा. आमच्या लूमवाल्यांनी असली गाडी आधी एकदा, नसबंदीच्या वेळी, पाहिली होती, नि तिच्यातून उतरलेले कितीतरी दिवस जपून चालत होते. म्हणून आधी बायकाच गेल्या.

मी गेले ती कामानं. माझी भाची तुळजा बाळंतपणापासून माझ्याकडेच होती. पोराचा वरचा ओठ फाटलेला. आमच्यात त्याला गिऱ्हाण लागलं म्हणतात. पोटुशी बाई ग्रहणात विळीवर बसली की पोर असं निपजतं. ग्रहणाच्या दिवशी हिचा नवरा पंढरी शिफ्ट करून भुकेला आला, हिनं त्याला बोंबील चिरून कालवण करून घातलं. खाल्लं त्यानं. अंजूरच्या घराचं दार मात्र सासूनं, गुणाबाईनं, हिलाच लावलं.

गाडीत ग्रहण करून दाखवतात असं कळलं, तसा मी अंजूरला निरोप धाडला. "एकदा डोळ्यांनी बघा, विहीणबाई. मग सुनेला न्यायचं का नाही ते ठरवा."

त्या आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, पोराच्या मनगटाला बांधायला काळा दोरा घेऊन. दोरा बघितला नि मला वाटलं, नेतील.

तुळजाही पोराला घेऊन आमच्याबरोबर गाडीत चढली. आत दिवा म्हणजे सूर्य, तारेवरचा चेंडू म्हणजे चंद्र, नि मधोमध पृथ्वीचा गोळा. समजावून सांगणारा साहेब पोरगेलासा, बोलायला गोड. आमच्या मागं दोन बुरखेवाल्या बायका होत्या; त्यांच्यासाठी तो सगळं हिंदीतही सांगत होता.

"राक्षस-बिक्षस काही नसतं. फक्त सावली पडते," तो म्हणाला, आणि मागं वळून, "बस, साया पडता है."

मागच्या बाईनं नकाब वर केला नि तुळजाच्या पोराकडे पाहिलं. "बेचारा. साया ही पडा है," ती हळूच बोलली.

आता साहेबाला कोण सांगणार? सावली त्याच्या लेखी नुसता अडलेला उजेड. आमच्याकडे विटाळशीची सावली पापडावर पडते, वांझेची दुसरीच्या पोरावर, आणि जिच्यावर पडली ती गोष्ट नासते. मागच्या बायकांकडेही तेच असणार. सत्तरच्या दंगलीनंतर सात वर्षांनी भिवंडीत दोन्हीकडच्या बायकांचं एकमत झालेलं मी तेव्हा पाहिलं, ते माझ्या तुळजाच्या मुळावर.

"साहेब," मी म्हटलं, "पोटातल्या पोराला यानं काही होत नाही, एवढंच सांगा."

"मावशी, तेच तर सांगतोय मघापासून." त्याला खरंच तसं वाटत होतं.

गुणाबाई पुढं झाल्या. "दादा, यात अंजूर कुठं हाय?"

साहेब इतका खूश झाला. सकाळपासून कोणी आपलं गाव विचारलं नसावं. त्यानं मायेनं गोळा फिरवला, चेंडू जुळवला, बोट टेकवलं. "ही मुंबई. आणि हे इथे तुमचं अंजूर. बघा आजी, सावली बरोबर इथेच पडली."

बोटाखाली काळा ठिपका होता. गुणाबाईंनी तो नीट पाहिला आणि त्या खाली उतरल्या.

मी मागोमाग धावले. "विहीणबाई, घाबरायचं काही नाही असंच म्हणत होता तो."

"तो काय म्हनला त्या मी आयकला, बाय. मी खोटी नव्हती. सरकारनं पन दावला." आवाजात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं. त्यांनी दोरा तुळजाच्या हातात दिला, पोराला न शिवता, आणि अंजूरच्या एसटीकडे वळल्या.

आम्ही घराकडे निघालो. ऊन तिरपं झालेलं. तुळजा सारखी पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती, रस्ता वळला की पुन्हा.

"अगं, पदर घाल त्याच्यावर. ऊन लागतंय त्याला."

"लागू दे मावशी," ती म्हणाली. "माझी सावली नको पडायला."