निळ्या रंगाखालचं लोखंड

"बत्ती नाय लागली, काका," नाथा म्हणाला.

ते त्र्यंबकरावांना दिसत होतंच. नाथाच्या मॅटाडोर टेम्पोच्या मागच्या बाजूला बसवलेल्या अॅम्प्लिफायरचा लाल दिवा तिसऱ्या वेळेलाही लागला नव्हता. पुढच्या टेपमध्ये कॅसेट गुपचूप फिरत होती आणि चारही स्पीकर ढिम्म होते.

ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याच्या गल्लीत नारळी पौर्णिमेची मिरवणूक तयार उभी होती. पाटावर सोनेरी कागदाने मढवलेला नारळ, मागे बायका, पोरं. भरती पावणेदोनला, आणि एक वाजून गेलेला. नारळ भरतीच्या पाण्यात सोडायचा असतो. ओहोटी लागली की तो चिखलात रुततो, आणि मग वर्षभर जाळ्यात काही कमी आलं की म्हातारी माणसं त्या नारळाची आठवण काढतात. त्यात यंदा नाथाने बँड सांगितलाच नव्हता. यंदा आईचा आवाज पुढे जाणार, असं त्याने वाड्यात ठणकावून सांगितलं होतं.

आई म्हणजे जनाबाई. चाळीस वर्षं वाड्यातली प्रत्येक हळद आणि प्रत्येक पौर्णिमा त्यांनी गाऊन उठवली होती. मागल्या वर्षी घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्र्यंबकरावांनी एका रविवारी त्यांना आपल्या दुकानात बसवून गाणी भरून घेतली. अर्ध्या तासाची एक बाजू झाली आणि बाईंना धाप लागली. दुसरी बाजू बरं झाल्यावर भरू, असं ठरलं. ऑपरेशन झालं, बाई वाचल्या, आवाज गेला. त्र्यंबकराव भेटायला गेले होते तेव्हा काय बोलावं ते न सुचून बोलून बसले, "दर पौर्णिमेला तुमचा आवाज खाडीपर्यंत जाईल. ती जबाबदारी माझी." आता ती जबाबदारी अॅम्प्लिफायरच्या खोक्यात मरून पडली होती.

त्र्यंबकरावांचं वय एकसष्ट. घर डोंबिवलीला, दुकान ठाण्यात, पायपुसण्याएवढं. तीस वर्षं रेडिओ उघडण्यात गेली. हा माणूस खोक्यात शिरतो कारण तिथे कुणी बोलत नाही, असं त्यांची बायको सुमती म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांनी टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावली आणि दुसरं टोक अॅम्प्लिफायरच्या प्लसला टेकवलं. लॅम्प लख्ख लागला. फ्यूज शाबूत. टेपकडून येऊन अॅम्प्लिफायर चालू करणारी बारकी वायर पाहिली, तिथेही उजेड. करंट दारापर्यंत येतोय, म्हणजे बिघाड घरात. त्यांनी खोकं उघडलं. नाक खुपसून हुंगलं. जळका वास नव्हता, फक्त ताज्या तेलरंगाचा उग्र दर्प. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी वायरींचा एकेक डाखाचा टाका पाहिला. घाम डोळ्यांत उतरत होता.

नाथाने हळूच विचारलं, कळव्याच्या बँडवाल्याला माणूस धाडू का. त्र्यंबकरावांचं टाळकंच सरकलं.

"दहा मिनिटं दे मला."

"मी देईन, काका. पानी कोनासाठी थांबत नाय."

मग त्यांनी शेजारच्या घरातून वायर ओढून टाके वितळवायचा कैय्या तापत ठेवला. एक ट्रान्झिस्टर काढून बघायचा होता. हा निव्वळ अंदाज होता, आणि अंदाजावर टाका सोडवायचा नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम. तो ते आज मोडायला निघाले होते. घाबरले होते ते, अगदी सरळ घाबरले होते.

तेवढ्यात जनाबाई मागून आल्या. वाकून बघताना त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात टेकला आणि लगेच उचलला. तळवा निळा झाला होता. तो त्यांनी नाथापुढे असा धरला की बोलायची गरजच पडली नाही.

नाथा वरमला. होडीला रंग दिला, त्यातला उरला, तो काल गाडीला दिला, असं त्याने सांगितलं. पावसाळी हवेत नीट वाळला नाही इतकंच. पण काम मात्र चोख केलं होतं. अॅम्प्लिफायर काढून खालचा पत्रासुद्धा रंगवला आणि मग पुन्हा बसवला. खाडीच्या वाऱ्यात उघडं लोखंड वर्षभर टिकत नाही, हे वाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

त्र्यंबकरावांनी कैय्या खाली ठेवला. "काळी वायर ज्यावर आवळलेली, तो बोल्टपण रंगवला?"

"त्याला तर दोन हात दिले."

त्र्यंबकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. करंट यायची वाट त्यांनी तीनदा तपासली होती, परत जायची एकदाही नाही. काळ्या वायरने गाडीच्या पत्र्याला धरायचं, त्यातूनच करंट बॅटरीकडे परतायचा, आणि मधे रंगाचा थर. खोक्याला काहीही झालं नव्हतं.

"सुरी आणा," ते म्हणाले. जनाबाईंनी घरातून मासे कापायची सुरी आणली. त्र्यंबकरावांनी पत्रा खरवडला, चकचकीत लोखंड वर आलं. वायर ठेवून बोल्ट आवळला, आणि रंगाखाली आधीच गंजलेला तो बोल्ट कडकन तुटला. दुसरा शोधायला वेळ नव्हता. दीड वाजला होता. नाथाने कॅसेट मागे गुंडाळून पुन्हा लावली.

त्यांनी वायरचं टोक उघड्या लोखंडावर ठेवून अंगठ्याने दाबलं. लाल दिवा लागला आणि जनाबाईंचा आवाज गल्लीत उसळला.

सगळ्या बायकांनी सवयीने वळून जनाबाईंकडेच पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. मग एकीने ध्रुवपद उचललं, आणि मिरवणूक हलली.

नाथा नारळ घेऊन पुढे गेला, शेजारचा दगडू गाडी चालवायला बसला. दुसऱ्या कुणाला धरू द्या, असं नाथा जाताना म्हणाला होता, पण त्र्यंबकरावांनी नकारार्थी मान हलवली. गाडीत उकिडवे बसून ते खाडीपर्यंत गेले. खड्डा आला की अंगठा सरकायचा, आवाज तुटायचा, आणि ते आणखी जोर द्यायचे. वायर तापली. पुढे कोण नाचतंय, नारळ कुणी डोक्याला लावला, त्यांना काही दिसलं नाही. गाडीमागून चालणाऱ्या जनाबाई तेवढ्या दिसत होत्या. नारळाबरोबर पुढे चालायचा मान त्यांचा होता, पण त्या गेल्या नाहीत.

काठावर मोठा गलका झाला. नारळ भरतीतच पडला होता. थोड्या वेळाने कॅसेट खट् करून थांबली.

"दुसरी बाजू लावू काय?" दगडूने पुढून विचारलं.

दुसरी बाजू कोरीच राहिली होती. त्र्यंबकरावांचा अंगठा अजून तिथेच दाबलेला होता. जनाबाई गाडीत चढल्या, तो अंगठा त्यांनी धरून उचलला. त्याला फोड आला होता आणि त्यावर निळा रंग लागला होता. त्यांनी तो पदराने हलक्या हाताने पुसला. मग स्वतः खाली बसल्या आणि वायरवर आपला अंगठा ठेवला.

"तीच लाव," त्र्यंबकराव दगडूला म्हणाले. "पहिल्यापासून."