चालकाच्या जागी वजन

"हलू नकोस," खड्ड्यातून आवाज आला.

"हलत नाहीये. मटार सोलतेय."

"मग सोलू नकोस. तू शेंग फोडलीस की इथे बोल्ट सरकतो."

"एका शेंगेने बोल्ट सरकत असेल तर धन्य ती गाडी आणि धन्य तिचा मेकॅनिक," असं म्हणत वहिनींनी हातातली शेंग न फोडता परत भांड्यात टाकली.

लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी ती वेगाची गाडी. वहिनी चालकाच्या जागी बसल्या होत्या. मांडीवर मटारचं भांडं आणि भांड्याखाली सहा किलो वाळूची पिशवी. गाडीखालच्या खड्ड्यात त्यांचे यजमान, ज्यांना अख्खं गाव मास्तर म्हणायचं, दिवा टांगून उभे होते. वहिनींना कुठे जायचं नव्हतं. त्या वजन म्हणून बसल्या होत्या.

मास्तरांच्या कामाची ती रीतच होती. अशा गाड्यांच्या पोटाखाली एक आडवी पोलादी दांडी असते, दोन्ही बाजूंच्या चाकांना एकमेकांशी बांधणारी. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही दांडी पीळ खाते आणि तिला सावरते. दांडीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकं. चाकाकडून येणारी कांडी टोकाच्या भोकात अडकवली तर दांडी मऊ, मधल्या भोकात मध्यम, आतल्या भोकात कडक. शिकायला एवढंच. पण गाडी चारी चाकांवर उभी असली पाहिजे आणि मालकाच्या वजनाचं कुणीतरी जागेवर बसलं पाहिजे, हा मास्तरांचा नेम. "बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे," ते सांगत, "ठोकून घातलात तर गाडी जन्मभर एका कुशीवर झोपते."

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडीत बसायला बोलावलं, म्हणून वहिनी वेणीफणी करून, ठेवणीतले कानातले घालून आल्या होत्या. गाडी जागची हलली नाही. त्याला आता तीस वर्षं झाली. वहिनी अठ्ठावन्न किलो, वर लागेल तेवढी वाळू. गिऱ्हाइकं त्यांना 'वजनवहिनी' म्हणायची. बायकोलाही न सांगितलेलं आपलं खरं वजन पुरुष मास्तरांना मुकाट्याने सांगत आणि वहिनी तेवढी वाळू मांडीवर घेत. अर्ध्या गावाचं गुपित त्यांनी असं मांडीवर वागवलं होतं.

ही गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. पन्नाशीत, मुलांची शिक्षणं उरकल्यावर हौसेने घेतलेली. "मास्तर, वळणावर ही वळतच नाही हो. नाक बाहेर जातं. मी स्टिअरिंग वळवते आणि ही सरळ चालते, माझ्या धाकट्यासारखी," असं सांगून काल सोडून गेल्या होत्या. त्या आज चारला येणार होत्या आणि इथूनच तडक घाट ओलांडून लेकीला आणायला निघणार होत्या.

औषध सोपं होतं. मागची दांडी थोडी कडक केली की नाक आत यायला लागतं. सकाळी मास्तरांनी कांड्या टोकाच्या भोकातून मधल्यात घेतल्या आणि दोघं फेरीला गेले. चालवायला मास्तर, शेजारी वहिनी. पाण्याच्या टाकीचं वळण आलं आणि गाडी अशी वळली की वहिनींना मनातून 'वा' म्हणावंसं वाटलं.

"काही फरक नाही," मास्तर म्हणाले.

वहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

म्हणून हा दुसरा खटाटोप चालला होता. आता मधल्या भोकातून आतल्यात. सगळ्यात कडक.

बोल्ट आवळून, नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका देऊन मास्तर वर आले. नट पुढे कधी हलला तर ठिपका तुटतो आणि लगेच कळतं. तीस वर्षांत त्यांचा एकही ठिपका तुटून आला नव्हता.

दुसऱ्या फेरीच्या वेळी एक सर येऊन गेली होती, रस्ता ओला होता. टाकीच्या वळणावर समोर एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि त्याच क्षणी गाडीचं मागचं अंग वीतभर बाहेर सरकलं. वहिनींच्या कमरेखालून कुणी पाट ओढावा तसं. त्यांचा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला. मग चाकांनी रस्ता धरला आणि गाडी सरळ झाली. तिची तीच. मास्तरांनी स्टिअरिंग तसूभरही हलवलं नव्हतं.

"बघ," ते खुशीत म्हणाले, "आता कशी नाक खुपसते."

"अहो, मागून सुटली ती."

"कुठे?"

"आत्ता. सायकलवाल्याच्या वेळी."

"काहीतरीच. मला कळलं नसतं?"

वहिनींना भीती वाटली ती आता. गाडी सुटली त्याची नव्हे. या प्रश्नाची.

"जरा जास्त कडक नाही झाली?" दुकानाच्या दारात उतरताना त्यांनी जपून विचारलं. "मधल्यात बरी वाटत होती."

मास्तरांनी दार लावलं. "वजनाने बोलायचं नसतं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. तीस वर्षांत हा माणूस त्यांना बरंच काही बोलला होता. एकदा तर पाहुण्यांसमोर त्यांच्या पोळ्यांना गॅस्केट म्हणाला होता. पण हे आत गेलं आणि तिथेच बसलं.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. मास्तर जेवायला आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी अंगणात, नळापाशी पडली होती.

"चप्पल कुठेय?"

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय उघडा, ओला, खडी टोचून लाल झालेला. "काढली असेन," ते म्हणाले.

काढली नव्हती. पायातून गळाली होती आणि पायाला पत्ताच नव्हता. गेल्या महिन्यात कढत पाण्याच्या बादलीत पाय घातला तेव्हाही असंच. फोड आल्यावर कळलं. साखर बारा वर्षांची. डॉक्टरांनी पाय तपासायला बोलावलं होतं, त्यावर मास्तर "बघू" म्हणाले होते. वहिनींनी तेव्हा या गोष्टींची सांगड घातली नव्हती. आज घातली. गाडीचं मागचं अंग सुटतं ते माणसाला डोळ्यांनी कळत नाही. तळपायाने कळतं, बैठकीने कळतं. मास्तरांची सगळी विद्या तिथे होती.

"डॉक्टरीणबाईंना सांगू या का, उद्या न्या म्हणून?"

"का? काम झालंय. माझं काम कधी दुसऱ्या दिवसावर गेलंय?"

कधीच गेलं नव्हतं. तेच तर अवघड होतं. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडावं तर या माणसाचं जन्माचं नाव जातं. गप्प बसावं तर चार वाजता एक बाई ओल्या घाटात शिरते. वळणावर काहीतरी आडवं येतं, ती घाबरून पाय उचलते, आणि परतीच्या वाटेवर तर शेजारी तिची लेकही बसलेली असते.

मास्तर जेवून आडवे झाले. रोज बरोबर अर्धा तास. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. घोरणं सुरू होईपर्यंत वहिनी भांडी विसळत राहिल्या. मग हात पुसले, खोलीचं दार ओढून घेतलं आणि खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या.

कुठला पाना, कुठल्या खणात, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. द्यायची वेळ हजारदा आली होती. आपण धरायची आज पहिलीच. डावीकडचा नट सैल केला. त्यावरचा पिवळा ठिपका तुटला तेव्हा कुणाचं तरी पत्र चोरून फोडल्यासारखं वाटलं. कांडी आतल्या भोकातून काढली, मधल्याला लावली. बोल्ट बोटाने गेला. बरं झालं.

उजवीकडचा जाईना.

भोक अर्धं बोट चुकत होतं. वहिनींनी कांडी ढकलली, ओढली. बोल्ट तिरका बसायला लागला. वर घड्याळ तीन-वीस दाखवत असणार. हाताशी हातोडी होती. एक ठोका. फक्त एक. हातोडी उचललीही त्यांनी. मग त्यांच्या लक्षात आलं आणि खड्ड्यातल्या खड्ड्यात त्या स्वतःवरच चिडल्या. चालकाची जागा रिकामी होती. वजन खाली पाना घेऊन उभं होतं!

डॉक्टरीणबाई चौसष्ट किलो. वहिनी वर आल्या आणि दहा-दहा किलोच्या सहा पिशव्या एकेक करून आणल्या. आदळू नयेत म्हणून तान्ह्या मुलासारख्या छातीशी धरून. सहावी ठेवताना पाठीत कळ आली. वर चार किलोची छोटी ठेवली. आपल्या जागी नीट बसलेल्या त्या पिशव्यांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. काही न बोलता बसल्या होत्या, अगदी मास्तरांना हव्या तशा.

खाली उतरून बोल्ट लावला. बोटाने आत गेला.

आता आवळणं. मास्तरांचा लांब दांड्याचा पाना ठरलेला जोर भरला की 'कट्' वाजतो. त्यावाचून नट आवळला असं म्हणायचं नाही. तो आवाज पलीकडच्या खोलीत जाणार हे वहिनींना ठाऊक होतं. पदर पान्याभोवती गुंडाळून त्यांनी डावीकडे जोर लावला. कट्. पदराने काहीएक झालं नाही. त्या श्वास धरून थांबल्या. घोरणं ऐकू येत होतं का? त्यांच्या स्वतःच्या छातीतच एवढं वाजत होतं की काही कळेना. उजवीकडे सरकल्या. कट्. दोन्ही नटांवर पिवळा ठिपका दिला. पाना पुसून खणात ठेवला. पिशव्या उतरवल्या, बैठक फडक्याने झटकली. तीन-पस्तीसला त्या ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होत्या.

मास्तर उठून आले. चहा घेतला. झोपेतून उठल्यावर ते एरवीही बोलत नसत.

डॉक्टरीणबाई चारला पाच कमी असतानाच आल्या. "झाली का हो माझी गाडी शहाणी?"

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. "ठिपके बघतो."

गाडी द्यायच्या आधी ते नेहमीच बघत. वहिनी ते विसरल्या होत्या. चोरून लोणी खाऊन तोंड पुसायचं राहावं तसं झालं. मास्तर एकेक पायरी चाचपत खड्ड्यात उतरले. दिवा डावीकडून उजवीकडे गेला, थांबला, परत डावीकडे आला. वहिनींनी उगाच पदर सारखा केला. पदराला ग्रीसचा पट्टा होता. तो त्यांनी मुठीत धरला.

मास्तर वर आले तेव्हा त्यांच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर ओला पिवळा रंग होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळला. वहिनींकडे पाहिलं नाही.

"मागची दांडी मधल्या भोकात ठेवलीय," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "आतल्यात घालून बघितली, पण ओल्या रस्त्यावर मागून सुटते. मधल्यात नाक येईल आणि शेपूटही राहील."

"तुम्ही म्हणाल ते. फेरी मारू या का एक? तुम्ही बसा शेजारी."

मास्तरांनी किल्ली पुढे केली. "मी नको. हिला घेऊन जा. हिला कळतं."

टाकीच्या वळणावर डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या सांगण्यावरून मुद्दाम पाय उचलला. गाडी किंचित आत आली आणि शहाण्या मुलीसारखी वळली. "अय्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वहिनींचे डोळे भरले होते आणि काच बंद असताना वाऱ्याचं निमित्तही सांगता येत नव्हतं.

गाडी घाटाकडे गेली. वहिनी दुकानात आल्या तेव्हा मास्तर पाने पुसत होते, पुसलेलेच.

"दोन कट् ऐकले मी," ते म्हणाले.

"मग उठला का नाहीत?"

त्यांनी पाना उलटा करून पुसला. "पहिल्या कट् ला उठणार होतो. मग म्हटलं, दुसरा येतो का बघू." पाना खणात ठेवत, "दुसऱ्याला घाई केलीस."

"तुम्ही उठाल म्हणून."

"बोटाने गेला?"

"बोटाने. हातोडी उचलली होती, पण ठेवली."

त्यांनी मान हलवली. मग फडकं घडी करून ठेवत म्हणाले, "खरंच वीतभर सुटली होती?"

"हो."

"मला काही..." ते म्हणाले आणि उजव्या पायाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डॉक्टरांकडे जाऊन आल्या, म्हणजे मास्तरांना घेऊन गेल्या. दुपारी एका कापडवाल्याची निळी गाडी आली. तिची मागची दांडी मऊ करायची होती. मालक शहात्तर किलो. वहिनी सवयीने वाळूकडे वळल्या, तोच दार उघडल्याचा आवाज आला. मास्तर चालकाच्या जागी बसत होते.

"मी एकाहत्तर," समोरच्या काचेतून बाहेर बघत ते म्हणाले. "पाच किलो दे."

वहिनींनी पाच किलोची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

खड्ड्याकडे जाताना पहिल्या पायरीपाशी उजव्या पायाची चप्पल पडलेली दिसली. वहिनींनी ती उचलली, गाडीच्या दाराखाली, उतरताना पायाशी येईल अशी ठेवली आणि खाली उतरल्या.

"बोल्ट सरळ धरलायस ना?" वरून आवाज आला.

"वजनाने बोलायचं नसतं," वहिनी म्हणाल्या.

मग गाडी अगदी बारीक हलली, माणूस आवाज न करता हसतो तेव्हा हलते तशी.

"हलू नका."

गाडी थांबली. वहिनींनी बोटाने बोल्ट आत सारला, पाना लावला आणि जोर दिला.

कट्.

"एक," मास्तर म्हणाले.

वहिनी दिवा घेऊन दुसऱ्या चाकाकडे सरकल्या.