फ्रुमाची शाल

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची शाल आहे. कसर लागलेली, कडा विसविशीत झालेली. पण लगेच नाके मुरडू नका, एके काळी माझाही तोरा होता! पोलंडमधल्या एका लहानशा गावात गितलने मला विणले, तेव्हा आल्यागेल्याने तिच्या हाताचे कौतुक केले होते.

मग युद्ध आले. नाझी ज्यूंना धरून नेऊ लागले. गितलने आपल्या चिमुकल्या फ्रुमाला माझ्यात गुंडाळून एका शेतकरणीच्या हवाली केले. शेतकरीण म्हणाली, "आजपासून तू हेलेना. खरं नाव तोंडातून काढलंस तर दोघीही मरू." फ्रुमाचे आईबाबा पुन्हा कधीच आले नाहीत. मला फार रडू आले, पण शालीचे रडणे कोण ऐकतो?

फ्रुमा मोठी झाली, इस्रायलमधल्या हैफा शहरात आली. कागदोपत्री ती पुन्हा फ्रुमा झाली. पण हाक हेलेनाचीच. खरे नाव तिने नवऱ्यालाही घेऊ दिले नाही. नवरा गेला, ती थकली, आणि मी कपाटात कसरीच्या तोंडी पडले.

आता तिला जिना उतरवेना. त्या संहारात अनाथ झालेल्यांना भरपाई मिळते. ती मिळाली तर घरी मदतीला बाई ठेवता येणार होती. नाहीतर घर सोडून वृद्धाश्रम. अर्ज कर म्हणून नवऱ्याची पुतणी नुरित हात धुऊन मागे लागली.

"आईबाबांचा भाव करायला मी बाजार मांडलेला नाही!" फ्रुमा कडाडली.

"भाव कसला, काकू? आणि आश्रमातलं पाणचट सूप तू एक दिवस तरी गिळशील का?"

"ते मात्र खरं," म्हातारी पुटपुटली. मला झटकून तिने खांद्यावर घेतले.

भरपाईच्या कचेरीच्या दारात गणवेशातला पहारेकरी होता, मेजामागे तरुण अधिकारी.

"नाव?"

फ्रुमाची नजर त्या गणवेशावर होती. ती ताडकन उभी राहिली. "हेलेना."

"अगं काकू, काय बोलतेस!" नुरितने कपाळावर हात मारला. अर्जावर तर फ्रुमा होते! माझ्या टाक्याटाक्यात धस्स झाले. आता संपलेच सगळे, असे वाटले.

अधिकारी उठला. त्याने पहारेकऱ्याला बाहेर पाठवले, दार लावले आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"आजी, हे नाव कुणी शिकवलं?"

"शेतकरणीनं. खरं सांगितलं तर दोघी मरू म्हणाली."

"कुठे असते ती?"

"कधीच गेली बिचारी. म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणात."

"मग आता कुणाच्या जिवाला धोका नाही. सांगा."

बराच वेळ ती माझा काठ चाचपत राहिली. मग म्हणाली, "फ्रुमा. आई गितल. ही तिनंच विणली." आणि ढसाढसा रडली.

"पढवून आणलेलं माणूस असं चुकत नाही, आजी," अधिकारी म्हणाला. "मी हेच लिहितो."

भरपाई मंजूर झाली. परवा मदतीची बाई आली. "काय हाक मारू तुम्हाला?" तिने विचारले.

"फ्रुमा!" तळमजल्यापर्यंत ऐकू गेले.

"काकू, हळू!"

"का गं? मी काय कुणाला भिते?"

मित्रांनो, जुन्या शालींना वर्षातून एकदा ऊन दाखवा, हे मी सांगणारच. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. घाई करू नका. एखादी गोष्ट सांगायला त्यांना सारा जन्म लागलेला असतो.