एकशे बत्तीस फुटांवरचा फोटो

मी पाण्याखाली फोटो काढणारा छोटा कॅमेरा आहे. मुठीत मावतो. दुःख कशाला म्हणतात ते मला ठाऊक नाही. समोर येतं ते मी टिपतो आणि ठेवून देतो. तसंच आता सांगतो.

मी कारखान्यात जन्मलो, पण तिथलं काही आठवत नाही. तेव्हा माझ्यात कार्ड नव्हतं. माझी आठवण सुरू होते ती ला सेइबा या बंदराच्या शहरातल्या एका दुकानापासून. मेल्बा तिथे आली होती. सहा वर्षं परदेशात शिकून ती परतली होती आणि मॉस्किटियाच्या किनारपट्टीवरच्या, खाजणाकाठच्या आपल्या गावी निघाली होती.

दुकानदाराने तिच्यापुढे एक मोठा कॅमेरा ठेवला. "रंग बघा याचे. मासे काय सुंदर येतात!"

"मासे नकोत मला. माझा भाऊ लॉबस्टरसाठी बुड्या मारतो. एका हातात आकडी, दुसऱ्या हातात पिशवी. मनगटाला अडकवता येईल असं काहीतरी दाखवा."

"किती खोल जातो?"

"विचारलं की हसतो. शंभर फुटांच्या आसपास असेल."

दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. "मग हे नुसते पाण्यात चालणारे कामाचे नाहीत. पन्नास फुटांपर्यंत ठीक. हा न्या, आणि याची ही पारदर्शक पेटी. एकशे तीस फुटांपर्यंत थेंब आत येणार नाही."

मेल्बाने मला पेटीत घातलं आणि आपलं घड्याळ माझ्यापुढे वीतभर अंतरावर धरलं. घड्याळाचे काटे स्वच्छ आले. मागे उभा असलेला दुकानदार मात्र धुरकट डागासारखा दिसत होता.

"मागचं नीट नको का यायला?" तो म्हणाला.

"मागचं राहू दे. हाच द्या."

गावी आल्यावर तिने माझ्यापुढे एक आखूड पट्टी बसवली आणि तिच्या टोकाला खोली मोजणारा काटा. आता मी काढलेल्या प्रत्येक फोटोत खोली दिसणार होती, आणि कोपऱ्यात वेळ.

त्यामागे कारण होतं. बोटीवरच्या एकाही पाणबुड्याकडे खोली मोजायला काही नव्हतं. हवेची टाकी पाठीला बांधायची, खाली जायचं आणि हवा ओढायला जड झाली की वर यायचं. मग दुसरी टाकी. दिवसाला बारा, कधी चौदा. असं करता करता एखाद्या दिवशी माणूस वर येतो आणि त्याचे पाय चालत नाहीत. गावात अशी माणसं घरोघरी ओसरीवर बसलेली असतात. लोक म्हणतात, लिवाने मारलं. लिवा म्हणजे समुद्रातली बाई. तिचं धन कुणी जास्त उपसलं की ती फटका देते.

"लिवा नाही रे, हवा," मेल्बा भावाला समजावत होती. "भराभर वर आलास की रक्तात बुडबुडे होतात."

"आणि ते बुडबुडे सोडतं कोण?" दामा बेंचो म्हणाला. दामा म्हणजे आजोबा. एकेकाळी तोही बुड्या मारायचा. आता एक पाय ओढत चालतो आणि तिच्या भावाची, रोल्डनची, होडी वल्हवतो.

रोल्डन मला उलटसुलट करून बघत होता. "मास्तरीणबाई, लिवा केस विंचरताना दिसली तर काढू का फोटो?"

"घरात नाव घेऊ नकोस तिचं, मेल्या!" आई चुलीपासून ओरडली.

मेल्बा हसली नाही. गावच्या चर्चच्या सभागृहात सरकारी अधिकाऱ्यापुढे पाणबुड्यांच्या प्रश्नावर सुनावणी व्हायची होती. माणसं किती खोल जातात, किती वेळा जातात, ते तिला फोटोंनिशी दाखवायचं होतं. प्रत्येक बोटीवर काटे हवेत, बुड्यांना मर्यादा हवी, ही तिची मागणी होती. रोल्डनचे पाय शाबूत असतानाच हे व्हायला हवं होतं.

पहिल्या फेरीला मी बारा दिवस समुद्रात होतो. मोठी बोट होड्या घेऊन जायची; प्रत्येक होडीत एक पाणबुड्या आणि एक वल्हवणारा. दिवसातून दोन-तीनदा तळाशी पोचलं की रोल्डन माझं बटण दाबायचा. काटा स्पष्ट यायचा. त्याच्या मागे निळसर धूसर काहीतरी. वर आल्यावर दामा विचारायचा, "किती?"

"पंच्याण्णव."

"पंच्याण्णव? तेवढ्या पाण्यात माझी आजी पाय धुवायची."

संध्याकाळी मोठ्या बोटीवर लॉबस्टरचं वजन व्हायचं. ज्याचं जास्त, तो मिशीवर हात फिरवायचा. ज्याचं कमी, त्याला जेवण संपेपर्यंत टोमणे. त्या फेरीत वजनाबरोबर माझ्या काट्याचाही आकडा विचारला जाऊ लागला. मी मोजमापासाठी आणलेला होतो. या माणसांना समुद्रातून वर आणलेली प्रत्येक गोष्ट जास्त असलेली बरी वाटते.

घरी आल्यावर मेल्बा एकेक फोटो बघत गेली. एका फोटोवर थांबली. "एकशे अकरा! रोल्डन, हा फार महत्त्वाचा आहे!" आणि तिने त्याला मिठी मारली. तो लाजला. एवढ्या खोल पुन्हा जाऊ नकोस, असं ती त्या वेळी म्हणाली नाही. मी टेबलावरच होतो.

दुसऱ्या फेरीच्या पाचव्या दिवशी, नवव्या टाकीला, रोल्डनने पिशवी वर होडीत रिकामी केली आणि परत खाली आला. लॉबस्टरचे खडक त्याने मागे टाकले. उताराने तो आणखी खाली गेला. तिथे नुसती वाळू होती. काटा एकशे बत्तीसवर आला. माझी पेटी करकरली. त्याने बटण दाबलं. ते दाबलेलंच राहिलं. फोटो आला की नाही ते न कळल्यामुळे तो थांबला, पुन्हा नखाने बटण उचकटलं, पुन्हा दाबलं. मग हवा जड झाली. तो सरळ वर सुटला.

"दामा, एकशे बत्तीस!" होडीच्या कडेला लटकत तो ओरडला. वर चढला. हसत होता. थोडं पाणी प्यायला.

थोड्या वेळाने म्हणाला, "दामा, माझ्या पायावर बसलायस का?"

दामा होडीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याने वल्हं आत घेतलं.

बोट दोन दिवसांनी किनाऱ्याला लागली.

सुनावणीच्या दिवशी चर्चच्या भिंतीवर चादर टांगून फोटो दाखवले गेले. बेचाळीस फोटो होते. ओसरीवरची माणसंही आणली होती. त्यांतला एक जण दर आकड्याला नुसती मान हलवत होता.

शेवटचा फोटो आल्यावर बोटमालकाचा माणूस उठला. "एकशे बत्तीस? एवढ्या खोल आम्ही कुणाला पाठवत नाही. तिथे आमचा लॉबस्टर नसतो. हा फोटोसाठी गेला."

चाकाच्या खुर्चीतून रोल्डन म्हणाला, "होता लॉबस्टर. मी बघितला. एवढा मोठा."

त्या फोटोत काटा आहे आणि मागे धूसर. कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं.

मेल्बा उभी राहिली. तिचा आवाज सपाट होता, माझ्यासारखा. "नव्हता लॉबस्टर. रोल्डन माझ्यासाठी गेला होता. हा फोटो बाजूला ठेवा. बाकीच्या एकेचाळीस वेळा तो तुमच्यासाठी गेलाय. ते बघा."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. कळवू म्हणाला.

"सगळ्या गावासमोर मला खोटं पाडलंस," घरी आल्यावर रोल्डन म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज त्याचे पाय चोळते. तो छताकडे बघतो. आई उकडलेली केळी घोटून केलेलं वाबुल दोघांना वेगवेगळ्या वाडग्यांत देते.

एका बोटीवर दोन काटे आले. बाकीच्या बोटी तशाच गेल्या.

काल हेन्ड्रिक दारात आला. तो रोल्डनच्याच बोटीवर असतो. "मेल्बा, कॅमेरा दे. परवा निघतोय. मी एकशे चाळीस आणतो. लॉबस्टर पिशवीत धरूनच फोटो काढतो, मग बघू कोण बोलतं."

मेल्बाने मला हातात घेतलं. तिला अजून पुरावे हवे होते, हे मला तिच्या बोटांवरून समजलं.

"देऊ नकोस," टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या रोल्डन म्हणाला.

तिने पेटी उघडली. झाकणाच्या खाचेतली रबराची कडी नखाने ओढून काढली आणि चुलीत टाकली. थोडा धूर झाला. हेन्ड्रिक निघून गेला.

ती कडी नसली की पेटीत पाणी शिरतं. म्हणजे मी आता खाली जाणार नाही. फळीवर आहे. बरं वाटतं की वाईट, ते सांगता येत नाही.

एवढंच मागणं आहे. माझ्यातले एकेचाळीस फोटो बघा. तेवढे पुरेत. बेचाळिसावा आणायला कुणाला पाठवू नका.