रेलवरून उतरलेला ब्लॉक

माझे धाकटे दीर दहा वर्षं एकच मंत्र जपत आले: करवत सरकवायची ती गोल शाफ्टवर. "वहिनी, शाफ्ट सोशिक. जरा तिरका बसला तरी चालवून घेतो. रेलचे नखरे फार." नवरा गेल्यापासून कापायची यंत्रं बनवायची ही शेड आम्ही दोघंच चालवतो. भाऊजी बनवतात, मी गिऱ्हाइकं सांभाळते. ते सोडून गेले तर मला शटर ओढून घरीच बसावं लागेल.

आणि हाच माणूस गेल्या महिन्यात दोनदा समोरच्या कारखान्यात जाऊन आला नि म्हणाला, "दरवाजेवाल्याच्या नव्या यंत्राला रेल लावू."

"का हो भाऊजी? नखरे कुठे गेले तिचे?"

"त्याला तीन मीटरचा कट हवाय. शाफ्ट दोन टोकांना टेकतो, मधे झोळ पडणार. रेल पूर्ण लांबीत बोल्टने आवळलेली असते, वाकत नाही."

उत्तर तयार होतं. फारच तयार. कुठेतरी पाणी मुरत होतं. समोरच्या मालकाने पडून राहिलेला माल आमच्या गळ्यात मारला असणार, नाहीतर भाऊजींनाच गळाला लावलं असणार. मी काही संशयी बाई नाही, डोळे तेवढे उघडे ठेवते.

समोरून रेल आली, बसली. दोन दिवसांनी दरवाजेवाला चाचणीला यायचा होता. त्या दुपारी भाऊजी जेवायला गेले, तशी मी चष्मा चढवला. रेलवर धावणारा ब्लॉक, ज्यावर करवत अजून चढायची होती, वरून चकाचक होता. वरून काय, सगळेच चकाचक असतात! माल जुना असला तर आतून कळेल, म्हणून रेलच्या टोकाचा अडसर काढला आणि ब्लॉक सरळ ओढून हातात घेतला.

आतले छर्रे भसकन बाहेर आले आणि फरशीभर पसरले. टेबलाखाली, कपाटाखाली, दारापर्यंत. आणि दारात भाऊजी उभे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी ठोकल्या. "बघा तुमची रेल! नुसता हात लावला नि फुटली!"

त्यांनी रेलच्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समोरच्या मालकाला फोन लावून जादा ब्लॉक आहे का विचारलं. त्या माणसाचा आवाज इतका मोठा, की मला शब्दन्शब्द ऐकू आला.

"ब्लॉक ने की! पण तुझं काय ठरलं? तिसऱ्यांदा विचारतोय. माझ्याकडे कामाला ये."

"उद्या सांगतो," भाऊजी म्हणाले.

सापडले, असं मनात आलं खरं. पण तिसऱ्यांदा, म्हणजे दोनदा ते नाही म्हणाले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"भाऊजी, तो फुटला नाही. मी काढला. माल जुना आहे का बघत होते."

"माहीत आहे. अडसर काढल्याशिवाय ब्लॉक उतरत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होतो."

"आणि नसते बोलले तर?"

ते गुडघ्यांवर बसून टेबलाखालचे छर्रे वेचायला लागले होते. मान वर न करता म्हणाले, "तर उद्या हो म्हणणार होतो."