माझ्या पोटातली बिस्किटं

शी! मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. धुतलं तरी माझ्या अंगाला अजून त्या बिस्किटांचा तुपकट वास येतोय.

मी प्रयोगशाळेतली एक जुनी बरणी. जाड काचेची, जड झाकणाची. मला सगळे डेसिकेटर म्हणतात. झाकणाच्या कडेला ग्रीस लावून ते घट्ट बसवलं की बाहेरची हवा आत येत नाही. माझ्या तळाशी निळे दाणे असतात. ते ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. मग त्यांना भट्टीत तापवलं की पुन्हा निळे, पुन्हा कामाला तयार.

इथली संशोधक ताई पेप्टाइड बनवायची, म्हणजे प्रथिनासारखीच, पण छोटी साखळी. तिचं द्रावण ती गोठवायची, आणि यंत्र त्यातल्या बर्फाचं पाणी न होऊ देता त्याची वाफ ओढून घ्यायचं. उरायची कापसासारखी हलकी भुकटी. ती इवल्या कुपीत बंद होऊन फ्रीजरमध्ये जायची. वापरायच्या दिवशी कुपी बाहेर काढली की थेट माझ्या पोटात. ती खोलीइतकी उबदार होईपर्यंत बूच काढायचं नाही, कारण गार कुपी उघडली की हवेतली ओल बसून भुकटी बिघडते. तेव्हा माझा काय मान होता! ताई मला मऊ फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "आमची कोरडी बाई!"

मग प्रयोगशाळेचे नवे प्रमुख सर आले. त्यांनी माझं झाकण उघडून पाहिलं आणि खूश झाले. "वा! यात बिस्किटं मस्त कुरकुरीत राहतील."

माझ्यात, मित्रांनो! जिथे कसली कसली रसायनं ठेवून झाली, तिथून हा माणूस खायचा, बोटं चाटायचा आणि त्याच ओल्या बोटांनी झाकण लावायचा. शिसारी यायची मला. चुरा दाण्यांवरच्या जाळीत अडकला, मुंग्या झाल्या. उठसूट झाकण उघडून दाणे गुलाबी पडले, ते तापवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. ताई "सरांना कोण सांगणार?" एवढंच पुटपुटायची.

एके दिवशी तिनं शेवटची कुपी फ्रीजरमधून काढली. कित्येक महिन्यांची मेहनत तेवढ्या चिमूटभर भुकटीत होती. ती माझ्याकडे आली, आणि माझ्या पोटात काय? बिस्किटं!

"सर, ही बंदच राहू दे टेबलावर, जरा वेळ..."

"अगं, उघड की! मला मीटिंगला जायचंय. एवढ्याशानं काय होतंय?"

ताईनं बूच काढलं. मी काचेची, ओरडणार कशी? भुकटी बघता बघता दबली आणि काचेला चिकटली. काट्यावर ठेवली तर आकडा थांबेचना, भुकटी ओल पीतच होती.

"बघ, वजन वाढतंय!" सर हसले. "माल भरपूर आहे!"

किळस आली मला त्या हसण्याची. ताईचे डोळे भरले. सरांनी जाता जाता माझं झाकण काढलं, एक बिस्कीट तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं.

"अरेच्चा! ही मऊ कशी पडली?"

"ओल लागली, सर," ताई म्हणाली. "माझ्या भुकटीलाही लागली. ती तुम्हाला दिसली नाही."

तिनं त्यांच्यासमोर सगळी बिस्किटं कचऱ्यात ओतली. सर खाली मान घालून निघून गेले.

आता मी घासूनपुसून स्वच्छ आहे, दाणे पुन्हा निळे आहेत. शेजारच्या खोलीत ताई पहिल्यापासून नवी साखळी जोडतेय. मित्रांनो, भांडं ज्या कामाचं, त्याच कामाला वापरा. आणि हातात गार कुपी असताना कोणी कितीही मोठा माणूस "उघड" म्हणाला, तरी ठणकावून "थांबा" म्हणा. ताईला ठणकावता आलं, पण कुपी उघडल्यावर.